आमिष आधीच लागलेलं होतं : येऊरच्या एका भातखाचराचं प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. येऊरच्या एका पाड्यावरून फोन आला. बोलणारा मुलगा विशीतला, खाली ठाण्यात पार्सलं पोचवण्याच्या कामाला. "ताई, आजीच्या भातात रोज डुकरं येतायत. एक माणूस आलाय. म्हणतो, आठ दिवसांत सगळी डुकरं एका जागेवर आणून दाखवतो, पुढचं माझ्याकडे लागलं. आजी हो म्हणायच्या आत तुम्ही एकदा येऊन बघा."

मी ठाण्यातच राहते. येऊर आणि घोडबंदर पट्ट्यात माणूस आणि रानातली जनावरं यांचं कुठे बिनसलं की वनखात्याच्या मदतीला जाणारे आम्ही काही जण आहोत, त्यातली मी एक. बहुतेक फोन बिबट्याचे असतात. रानडुकराचा फोन क्वचित येतो, कारण डुकराचं कुणाला अप्रूप नसतं आणि त्याची बातमी होत नाही. पण पाड्यावरच्या शेतकऱ्याला विचारा, तो बिबट्याचं नाव शेवटी घेईल आणि डुकराचं आधी. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. पाड्याचं, माणसांचं आणि बंगल्याचं नाव मुद्दाम देत नाही.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आणि चारही बाजूंनी शहर. उपवनवरून घाट चढून नाका ओलांडला की दहा मिनिटांत हवा बदलते. तिथे आदिवासी पाडे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारी घरं आहेत आणि त्यांच्या शेजारी गेल्या काही दशकांत उभे राहिलेले बंगले, हॉटेलं, शनिवार-रविवारच्या पार्ट्याही आहेत. आजीचं खाचर या दोन्हींच्या मधोमध येतं.

खाचर

जमीन जेमतेम बारा गुंठे, चार पायऱ्यांत उतरणारी. वरच्या अंगाला रान : ऐन, कुडा, मध्येच उंबर, करवंदीच्या जाळ्या. खालच्या अंगाला पायवाट आणि पायवाटेपलीकडे एका बंगल्याची मागची भिंत. आजीनं भात गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, लावलेलं. हा मुद्दा नीट ध्यानात घ्यायला हवा. शेजारच्यांनी हळवं लावलं होतं, ते दसऱ्याच्या आगेमागे कापून झालं. निमगरवं होतं तेही निघत आलं. त्या सगळ्या उतारावर उभं भात उरलं ते आजीचं एकटीचं, आणि तेही नेमकं चिकात आलेलं. दाणा दुधाळ असतो तेव्हा डुकराला त्याच्यासारखी गोडी दुसऱ्या कशाची नाही. दहा खाचरांत वाटलं गेलं असतं ते नुकसान एकाच खाचरावर आलं.

मी पोचले तेव्हा आजी बांधावर बसली होती. तिसऱ्या पायरीत कुणी रूळ फिरवावा तसं भात निजलेलं. लोंब्या तोंडातून ओढून घेतलेल्या, पण खाल्लं त्याच्या तिप्पट तुडवलेलं. कडेचा बांध एका जागी हातभर उकरलेला, गांडुळांसाठी.

"बाबांच्या आजोबांपासून आमची राखण असायची इथे," आजी म्हणाली. "त्या ऐनावर राखणीचा माळा होता. रात्री डबा वाजवायचा, टेंभा फिरवायचा. डुक्कर यायचं, पण पाहुण्यासारखं यायचं. हे आता घरच्यासारखं येतंय."

माळा मोडून सहा वर्षं झाली. पोरं रात्रपाळीला खाली उतरतात. राखण करायला हातच उरलेले नाहीत. हे मला तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि त्यावर कुठली योजना नाही.

रानाच्या बाजूनं आजीनं आणि नातवानं मिळून करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं. मेहनतीचं, दाट, कमरेएवढं. त्याला कुठेही भगदाड नव्हतं. तरी डुकरं आत होती.

निळा पिंप

तो माणूस बाहेरचा होता. खाचराच्या वरच्या अंगाला, रानात साठ-सत्तर पावलांवर, त्यानं एक मोकळी जागा हेरली होती आणि तिथे निळा प्लास्टिकचा पिंप आणून ठेवला होता. झाकण उघडलं तर आंबलेल्या ताडीत शिळी भाकरी कुस्करावी तसा वास आला. आत मका. पाणी, गूळ आणि खमीर घालून चार दिवस उन्हात ठेवलेला. वर फेस आलेला, मध्येच बुडबुडे फुटत होते. पिंपाच्या बाजूला दोन-तीन पसे मका त्यानं सांडून ठेवला होता, "चव लागायला".

ही युक्ती त्याची नव्हती. मोबाइलवरच्या चित्रफितींमधून आलेली होती, आणि त्या बहुतेक अमेरिकेतल्या, त्यातही टेक्ससच्या. तिथे आंबवलेला मका हे डुकरांसाठीचं नेहमीचं आमिष आहे. कारणही सरळ आहे. डुकराची नजर बेताची, पण नाक असं की आंबूस वास त्याला फार लांबून ओढून आणतो. हरणं मात्र आंबलेल्या दाण्याला सहसा तोंड लावत नाहीत. पाणवठ्याजवळची, चिखलाची, आडोशाची जागा निवडायची, रोज एकाच वेळी दाणा टाकायचा आणि कळपाला सवय लागू द्यायची. सवय लागली की शिकारी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतो. बस, एवढंच तंत्र.

पण तिथली गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत डुक्कर मूळचं नाही. १५३९ मध्ये एर्नांदो द सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडात उतरला तेव्हा त्याच्या ताफ्याबरोबर डुकरं होती. त्यांच्यासारखीच पुढे सुटलेली, माजलेली आणि शिकारीच्या हौसेपायी मुद्दाम सोडलेली डुकरं आज तिथल्या शेतीला आणि रानाला दोघांनाही डोईजड झाली आहेत. एकट्या टेक्ससमध्ये त्यांची संख्या २५ लाखांहून अधिक धरतात. तिथे बारा महिने शिकार चालते, २०११ पासून तर हेलिकॉप्टरमधूनही गोळ्या घालायला कायद्यानं मुभा दिली. इतकं करूनही डुक्कर हटलेलं नाही. मादी पावणेचार महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं, आणि खाणं मुबलक असलं की ती जगतातही.

येऊरचं रानडुक्कर मात्र इथलंच. तो बिबट्याचा घास आहे, रानाची माती उकरून भुसभुशीत करणारा आहे, पडलेल्या फळांचा वाटेकरी आहे. कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्यांमध्ये तो पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होता, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आला. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे, आणि महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी तसा निर्णयही काढला. विदर्भातल्या शेतकऱ्यानं अर्ज केला तर त्याचा विचार होऊ शकतो. पण राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, पिंप ठेवून, परवानगीशिवाय? तिथे कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे, जास्तीत जास्त सात.

नातवाला हे पटेना. "ताई, अजून काठीसुद्धा उगारलेली नाही. नुसता मका ठेवलाय."

म्हणून त्याला कलम २(१६) समजावून सांगितलं, आणि हे प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, पाठलाग, फासकी लावणं, सापळा, हाका घालणं आणि आमिष लावणं, हे सगळं शिकारीतच येतं, आणि त्यातला प्रयत्नसुद्धा. पिंपाचं झाकण उघडलं तेव्हाच शिकार सुरू झाली होती. आणि पिंप उद्या सापडला असता तर त्याचं बोट त्या माणसाकडे गेलंच नसतं. जमीन आजीची, तुडवलेलं भात आजीचं.

त्या माणसानं पुढे काय करणार ते मोघमच ठेवलं होतं. पण कोकणपट्टीत डुकरासाठी काय लावतात ते सगळ्यांना ठाऊक आहे : क्लचच्या तारेची फासकी, कुंपणात सोडलेली वीज, नाहीतर पिठाच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यातला फरक कळत नाही. कोकणात डुकराच्या फासकीत अडकून बिबटे मेल्याच्या बातम्या नव्या नाहीत. केरळात २०२० मध्ये गरोदर हत्तीण फळात भरलेल्या स्फोटकानं जबडा फुटून नदीत उभ्या उभ्या मेली, तेही डुकरांसाठीच ठेवलेलं होतं असं तपासात पुढे आलं. या उतारावर पाड्यातली लहान मुलं करवंदं वेचायला फिरतात.

वनरक्षकांना मी तिथूनच फोन केला. ते आले, पिंप ताब्यात घेतला, तो माणूस मात्र त्याआधीच गेला होता आणि परत फिरकला नाही. सांडलेला मका आम्ही तिथे पुरला नाही. पुरलेलं डुक्कर उकरून काढतंच. वरची माती खरवडून सगळं दोन गोणींत भरलं आणि खाली नेलं.

खुणा

आता नेहमीची रीत अशी की पिंप गेला, प्रकरण मिटलं. पण डुकरं पिंपाच्या आधीपासून येत होती. पिंप आला होता त्यांच्या मागून. मग त्यांना इथे बोलावलं कुणी?

शिकारी आणि मी, दोघांना एकच प्रश्न सोडवायचा होता : डुक्कर या जागी का येतं? खाणं, पाणी, चिखल, आडोसा आणि रोजची सवय. या पाच गोष्टी कुठे आहेत ते त्याला शोधून जोडायचं होतं, मला शोधून तोडायचं होतं. शिकाऱ्याचं ज्ञान शेतकऱ्याकडे आणि बंगलेवाल्याकडे असायला हवं, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे वनरक्षक, नातू आणि मी खाचराभोवती फिरलो. आदल्या संध्याकाळी आम्ही चार ठिकाणी चाळणीनं माती गाळून हातभर रुंदीचे पट्टे अंथरले होते : रानाकडच्या कुंपणापाशी, दोन्ही बाजूंच्या बांधांवर आणि खालच्या पायवाटेवर. कॅमेरा लावायला परवानगी लागते आणि वेळही जातो. चाळलेली माती फुकट असते आणि खोटं बोलत नाही.

रानाकडचा पट्टा कोरा होता. बाजूच्या पट्ट्यांवर फक्त मुंगसाची पावलं. खालच्या पायवाटेवरचा पट्टा तुडवून काढलेला. दोन बोटांचे रुंद खूर, आणि मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन छोटे टोकदार ठसे. चितळाचे हे मागचे खूर मऊ मातीत क्वचित उमटतात, डुकराचे हमखास. एक मोठी मादी, एक मध्यम आकाराची, आणि पाच-सहा पिल्लांची पावलं एकमेकांत मिसळलेली. आणि सगळ्यांची दिशा एकच : खालून वर. बंगल्याकडून खाचराकडे.

नातू कुंपणाकडे बघत राहिला. दोघांनी आठ दिवस खपून काटे लावले होते ते चुकीच्या बाजूला. डुकरं रानातून खाचरात येत नव्हतीच. ती लांबच्या ओहोळानं खाली उतरत होती, बंगल्यामागे जात होती, आणि परत रानात जाताना वाटेत आजीच्या भातात घुसत होती. आजीचं खाचर हा त्यांचा मुक्काम नव्हता, परतीच्या वाटेवरचा फराळ होता.

पायवाटेवर एक विष्ठा पडली होती, ताजी. काडीनं उकलली. भाताची फोलपटं होतीच, पण त्याहून जास्त टोमॅटोच्या बिया. कांद्याचं साल. आणि मधोमध बोटभर लांब चंदेरी पट्टी, पार्सलच्या फॉइलची, घडी पडलेली. वनरक्षकांनी ती हातात घेऊन उन्हात धरली आणि काहीच बोलले नाहीत.

तिथून पुढे फार शोधावं लागलं नाही. बंगल्याच्या मागच्या भिंतीला लागून एक खड्डा. शनिवार-रविवारच्या पार्ट्यांचं उरलेलं सगळं त्यात जायचं : पुलाव, हाडं, केक, सॅलड, पत्रावळ्यांसकट. चार-पाच कुत्री तिथेच पहुडलेली. खड्ड्यापासून वीस पावलांवर बंगल्याच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. ते पाणी झिरपत एका खळग्यात साचून छान काळा चिखल झालेला. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, अंग थंड ठेवायला आणि गोचिडी झाडायला त्याला चिखलाची लोळण लागतेच. ऑक्टोबरच्या उन्हात उतारावरचे ओढे आटत चालले असताना ही लोळण बारमाही. शेजारच्या ऐनाच्या खोडावर ढोपराच्या वरपर्यंत वाळलेला चिखल, साल घासून गुळगुळीत झालेली, आणि सालीच्या भेगेत अडकलेला एक राठ केस. नातवानं तो ओढून काढला. टोकाला दोन फाटे फुटलेले होते. डुकराचा केस असाच असतो.

खाणं, पाणी, चिखल, रोजचा नेम. पिंपवाला जे आठ दिवसांत करणार होता ते इथे कित्येक महिने चाललं होतं, आणि करणाऱ्याच्या मनात शिकारीचा विचारही नव्हता. हेतू नव्हता म्हणून तो गुन्हा ठरत नसेल. पण डुकराला हेतू कळत नाही, वास कळतो. दुपारी ऊन तापलं की वारा उतारावरून वर चढतो, आणि त्या खड्ड्याचा दरवळ थेट रानात जातो.

बंगल्याची राखण करणारे काका आणि त्यांच्या घरच्या काकू मागच्या खोलीत राहतात. काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "वाघ पण बसतो हो भिंतीवर. दोनदा बघितला." त्या बिबट्याला वाघच म्हणतात, तिथे सगळेच म्हणतात. कुत्र्यांसाठी येत होता तो. एका खड्ड्यानं डुकरं आणली, कुत्री आणली आणि कुत्र्यांमागून बिबट्या आणला. पुढे-मागे बिबट्यानं काकूंच्या दारातून कुत्रं उचललं असतं तर ओरड बिबट्याच्या नावानं झाली असती.

माझी चूक

बंगल्याच्या मालकीणबाई मुंबईत असतात. फोनवर त्या आधी म्हणाल्या, "अहो, उलट मुक्या जनावरांच्या पोटात जातं, वाया तर जात नाही." हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून खूपदा ऐकलं आहे, आणि बोलणारे मनानं वाईट नसतात. मी त्यांना विष्ठेतल्या फॉइलचा फोटो पाठवला. हॉटेलातलं डुकराचं मांस अशा खरकट्यातून रानडुकरांच्या तोंडी लागलं तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरू शकतो, हा रोग २०२० मध्ये ईशान्य भारतात शिरला आणि त्यावर उपचार नाही, हेही सांगितलं. काकूंनी बिबट्याचं सांगितल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. दुसऱ्याच दिवशी माणसं लावून खड्डा उपसून, दगड-मातीनं बुजवला. उरलेलं झाकणबंद पिंपात भरून गाडीनं खाली पाठवायचं ठरलं. व्हॉल्व्हही बदलला.

मी खूश होऊन घरी आले. इथेच चुकले.

सात-आठ जणांचा कळप रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या पानावर जेवायला येतो, आणि एके रात्री पान रिकामं असतं. तो काय उपाशी परत जाईल? दोन रात्री त्यांनी बुजवलेला खड्डा उकरला. तिसऱ्या रात्री सगळी भूक घेऊन ती आजीच्या खाचरात शिरली. सकाळी नातवाचा फोन आला. दुसरी पायरी जवळजवळ पूर्ण गेली होती. जे पंधरा दिवसांत झालं नव्हतं ते एका रात्रीत झालं.

मी गेले तेव्हा आजी रागावली नाही, ते जास्त लागलं. "तू चांगल्यासाठीच केलंस," म्हणाली, आणि उभ्या राहिलेल्या चार लोंब्या हातानं सरळ करत राहिली.

क्रम उलटा व्हायला हवा होता. आधी खाचराची राखण बसवायची, खालची बाजू बंद करायची, पाण्याचं बघायचं, आणि मग शेवटी खड्डा बुजवायचा. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. कुठलंही आमिष काढून घेण्याआधी त्याच्या शेजारचं दुसरं खाणं झाकून घ्यायचं, हे मी त्या दिवसानंतर एकाही ठिकाणी विसरलेले नाही. आजीच्या दीड पायरी भातावर ते शिकले.

तेवीस रात्री

त्याच दुपारी नातवानं मोडका माळा परत बांधायला घेतला. पाड्यातल्या पाच घरांनी पाळ्या वाटून घेतल्या, एका रात्री दोघं. आजीच्या नावावर कुणाला मजुरी द्यायला पैसे नव्हते, पण आजीनं प्रत्येकाला त्याच्या लावणीला कधी ना कधी हात दिला होता, ते सगळ्यांना आठवत होतं. करवंदीचं कुंपण रानाच्या बाजूनं उपटून खालच्या पायवाटेवर आणलं. डबा, टॉर्च, आणि दोन-तीन रात्रींनी बसायची जागा बदलायची. एकाच जागेवरून एकच आवाज आला तर डुक्कर आठवड्यात ओळखतं की याच्यात जोर नाही. कुणीतरी सुतळी बॉम्बचं सुचवलं. आम्ही नको म्हटलं. रानाच्या कडेला वाळलेलं गवत, आणि फुटला नाही तो बॉम्ब सकाळी पोरांच्या हाती लागायचा.

पहिल्या चार रात्री कळप रोज आला. माळ्यावरून एकदा मीही पाहिला. चांदणं होतं. आधी फुस्‌ असा आवाज, मग खालच्या करवंदीत हालचाल, आणि मग मोठी मादी काट्यांच्या कडेनं चालत आली, थांबली, नाक वर केलं. तिच्या मागे पिल्लं एका रांगेत. अंगावरचे पट्टे पुसट होत चाललेले, म्हणजे चार-पाच महिन्यांची असावीत. नातवानं डबा वाजवला नाही. त्यानं फक्त टॉर्च जमिनीवर पाडला आणि शांत आवाजात म्हणाला, "जा गं." ती वळली. धावली नाही. पिल्लं वळली. नंतर बराच वेळ ओहोळातल्या पाचोळ्यावर त्यांची पावलं वाजत राहिली.

सातव्या रात्रीनंतर येणं विरळ झालं. बंगल्यामागचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या. भात पिवळं पडायला लागल्यावर आम्ही वाट पाहिली नाही. नेहमीपेक्षा चार-पाच दिवस आधी, तेविसाव्या रात्रीनंतरच्या सकाळी कापणी केली.

भरपाईचं सांगते, कारण ते बहुतेकांकडून निसटतं. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं असतं आणि दहा दिवसांत पंचनामा व्हायला हवा. बरेच जण कापणी झाल्यावर, फावल्या वेळी अर्ज करतात, आणि तोवर दाखवायला काही उरलेलं नसतं. आजीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा पट्टा होता, तिच्या आणि आजोबांच्या दोघांच्या नावे, पत्र्याच्या पेटीत साडीच्या घडीत जपलेला. कागद नसता तर अर्ज पुढे सरकलाच नसता. दुसरी पायरी गेली त्या सकाळीच नातवानं फोटो काढले, अर्ज केला, पंचनामा वेळेत झाला. पैसे आले ते होळीच्या सुमाराला. नुकसान भरून निघालं नाही, पण पुढच्या वर्षीचं बियाणं आणि थोडं खत झालं.

बियाणं आजीनं त्या वर्षी बदललं. गरवं सोडून निमगरवं घेतलं, शेजाऱ्यांबरोबर कापणीला येणारं. तिला गरव्या भाताची चव आवडते, त्याचा भात मऊ होतो म्हणते. कोपऱ्यात एक वाफा तरी गरव्याचा लावायचाच, असं तिनं मला बजावलं आहे.

त्याआधी, कापणीनंतर लगेच, ओल होती तोवर खाचरात तिनं वाल टाकला होता. डिसेंबरअखेर तो फुलावर आला. एक जानेवारीच्या सकाळी साडेसहाला फोन वाजला. बंगल्याचे काका होते.

"ताई, काल रात्री पाहुण्यांच्या पोरांनी सगळं उरलेलं मागे फेकलं. मला उशिरा कळलं. आत्ता मी आणि ही दोघं उचलतोय, घमेल्यानं. थोडं तोंड लागलेलं दिसतंय. तुम्ही आजींच्या नातवाला सांगा, आजची रात्र वालाकडे बसा म्हणावं."

मी नातवाला फोन लावला. तो आधीच माळ्यावर होता.